भंगारातला एकडोळ्या

प्रश्न : माझी मुलगी शिल्पकला शिकते. तिने मला शिल्पकार एदुआर्दो पाओलोत्सी यांच्या ‘सायक्लॉप्स’ या एकडोळ्या राक्षसाच्या मूर्तीचा फोटो दाखवला. अंगभर यंत्रांचे तुकडे! आता तिला भंगारवाल्याकडून गिअर आणून तसंच वेल्डिंग करायचंय. त्यांनी असंच केलं होतं का? आणि ग्रीक पुराणातल्या राक्षसाला भंगार कशाला?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, वेल्डिंग आठवडाभर थांबवायला सांगा. त्या मूर्तीत भंगार नाही, भंगाराचे ठसे आहेत. स्कॉटलंडमधल्या लीथमध्ये 1924 साली जन्मलेल्या पाओलोत्सींनी ती 1957 मध्ये केली. कुलपाचे भाग, घड्याळाचे भाग, मोडका कंगवा, खेळण्यातला बेडूक असलं काहीबाही ते तेव्हा ओल्या मातीत दाबत, वर पातळ मेण ओतत आणि निघालेल्या मेणाच्या पत्र्यांतून आकृती जोडत. मग ती ब्राँझमध्ये ओतली जाई.

मी अनेक वर्षं ओतकाम शिकवलं. दरवर्षी पहिल्या तासाला शाडूत एक जुनं कुलूप दाबायचो. त्यावरची अक्षरं मातीत उलटी उमटतात, मेणात परत सुलटी होतात. पण खरी गंमत पुढे आहे. मेण कोमट असताना ते कुलूप पोळीसारखं वाकतं, दुमडतं, खांद्यावर बसतं. लोखंडाची कातडी होते! वेल्डिंगने ती कधीच होत नाही, म्हणून मी थांबा म्हणतोय.

आता राक्षसाचं. प्राचीन ग्रीक कवी होमरच्या महाकाव्यातला सायक्लॉप्स, पॉलिफिमस, मेंढरं राखणारा, माणसं खाणारा. पण हेसिओद या दुसऱ्या ग्रीक कवीच्या काव्यातले तीन सायक्लॉप्स देवांचा राजा झ्यूसला वज्र घडवून देतात, म्हणजे लोहारकाम करणारेच. त्यांच्या वंशातल्याच्या अंगावर यंत्रांचे सुटे भाग मला अगदी शोभून दिसतात, तेही युद्धाने पडझड झालेल्या ब्रिटनमध्ये घडलेल्या मूर्तीत. आणि ‘सायक्लॉप्स’ या नावातला ग्रीक शब्द ‘क्यूक्लोस’ म्हणजे वर्तुळ, चाक. आपल्या ‘चक्र’ शब्दाचा सख्खा भाऊ. मुलीला हे जरूर सांगा, डोळा कशाचा करायचा ते तिला आपोआप सुचेल.

सुरुवात घरातल्याच वस्तूंनी करा : कुलूप, चमचा, मिक्सरचा मोडका भाग. शाडू ओलसर हवी, कोरडी पडली तर मेण चिकटून बसतं. आणि मेण थेट आचेवर नको, गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवा. ते पेट घेतं.