ग्राफ्टला कलम म्हणा की

ताई, तुमच्या भाच्याच्या पोस्टरचं शीर्षक वाचलं, 'इलेक्ट्रॉनिक मायक्रोस्कोपखाली प्रत्यारोपित कृत्रिम रक्तवाहिनी', आणि तुम्ही विचारलंय की यात 'प्रत्यारोपित' बरोबर की 'रोपित'. सांगतो, पण आधी तो 'इलेक्ट्रॉनिक' खोडा हो. इलेक्ट्रॉनिक तर भाजीवालीचा वजनकाटापण असतो. हा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आहे, म्हणजे उजेडाच्या जागी इलेक्ट्रॉनांचा झोत, आणि काचेच्या भिंगाच्या जागी तारेची वेटोळी, जी चुंबक होऊन तो झोत वळवतात. रुस्का आणि नोल या जर्मन संशोधकांनी १९३१ साली बर्लिनमध्ये पहिला करून दाखवला, रुस्काला त्याचं नोबेल मिळालं थेट १९८६ ला, पंचावन्न वर्षं बिचारा थांबला आणि आपण त्याच्या यंत्राला वजनकाट्याच्या पंक्तीला बसवतो.

आता प्रत्यारोपण. हा शब्द हल्ली प्रसादासारखा वाटतात. किडनीचं प्रत्यारोपण, केसांचं प्रत्यारोपण, आणि परवा गंगापूर रोडला एका पाटीवर दातांचं प्रत्यारोपण वाचलं. दातांचं म्हणजे काय, तर टायटॅनियमचा स्क्रू. अरे पण प्रत्यारोपण म्हणजे एकीकडचं काढून दुसरीकडे लावणं, हा स्क्रू आधी कुणाच्या जबड्यात होता? नवीन वस्तू बसवली तर नुसतं रोपण. बरं, शब्दातला तो मधला 'आ' तरी कशाला, आरोप-प्रत्यारोप आपल्याला टीव्हीवर रोज पुरेसे होतात. (मूळ एकच आहे, रुह्, उगवणे, चढणे. रोप, आरोप, आरोहण, सगळी एकाच घरातली भावंडं, फक्त एक बिघडलं.) साधा 'प्रतिरोपण' शब्द कालिदासानं वापरलाय की. रघुवंशाच्या चौथ्या सर्गात रघूनं वंगदेशाच्या राजांना उखडलं आणि ते पायाशी वाकल्यावर परत गादीवर बसवलं, तिथे त्यांच्यासाठी विशेषण आहे 'उत्खातप्रतिरोपिताः', उपटून पुन्हा लावलेले. आणि उपमा कशाची, तर भाताच्या रोपांची! इगतपुरीकडे जुलैत जाऊन बघा, आवणी चालू असते, रोपं उपटायची, मुठी बांधायच्या, दुसऱ्या खाचरात चिखलात लावायची. किडनीचं दुसरं काय करतात?

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर झालं, कृत्रिम नळी आहे तर 'रोपित'. पण मला ते उत्तर आवडत नाही, कारण भाच्याचा मूळ शब्द आहे ग्राफ्ट, म्हणजे शरीरात जोडलेला तुकडा किंवा नळी, आणि ग्राफ्टला मराठीत शब्द शोधत फिरायचं म्हणजे काखेत कळसा. नाशिकच्या माणसानं तरी हा प्रश्न विचारू नये. पिंपळगाव, निफाड, दिंडोरी, कुठल्याही द्राक्षबागेत विचारा. कलम!

कलमाचे बाकीचे अर्थ, कायद्याचं कलम, सर कलम करणं वगैरे, ते सगळ्यांना माहीत आहेत, सोडून देऊ. मजा पुढे आहे. कलम आपल्याकडे फारसीतून आलं, फारसीत अरबीतून, अरबीत ग्रीक 'कालामोस' वरून, आणि कालामोस म्हणजे बोरू, पोकळ वेताची काडी, तासली की लेखणी. त्या काडीवरून झाडाची कापलेली काडीही कलमच. आणि इंग्रजी ग्राफ्ट? तो जुन्या फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये लॅटिन 'ग्राफियुम' वरून, तो ग्रीकमधून, आणि अर्थ काय, तर टोकदार लेखणी! ग्राफ, टेलिग्राफ, फोटोग्राफ यातलाच तो ग्राफ. म्हणजे इकडे बागवानानं काडी तासली आणि म्हणाला ही लेखणीसारखी दिसते, तिकडे फ्रान्सातल्या बागवानानं काडी तासली आणि तोही म्हणाला ही लेखणीसारखी दिसते. दोघांची गाठ नाही, शब्द वेगळे, पण उपमा तीच. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बायकोला झोपेतून उठवून सांगितलं होतं, तिनं 'बरं' म्हणून कूस बदलली.

आणि दिसतेच तशी. मी ओझरजवळ एका बागेत कलम भरताना उभा राहून पाहिलंय. जमिनीत डॉगरिजचा खुंट, ती जंगली जात, खारं पाणी आणि पाण्याचा ताण सोसते म्हणून. वर थॉमसन जातीच्या द्राक्षाची काडी, पेन्सिलीएवढी जाड, तिचं खालचं टोक दोन्ही बाजूंनी असं तासतात की अगदी बोरूचं टोक, मग खुंटाला उभी चीर, त्यात ती पाचर दाबायची, सालीला साल जुळली पाहिजे, आणि वरून प्लास्टिकची पट्टी करकचून. पंधरा-वीस दिवसांनी डोळा फुगला की म्हणायचं कलम धरलं.

इथे आमच्या वाचनालयातले एक निवृत्त संस्कृतचे सर दर वेळी आडवे येतात. त्यांचं म्हणणं, कलम अस्सल संस्कृत, कारण वर मी सांगितलेल्या कालिदासाच्या त्याच श्लोकात भाताच्या रोपाला शब्द आहे 'कलम'. आहे, नाकारतोय कोण! पण तो कलम एका जातीची साळ आहे, त्याची काडी कुणी कुठल्या खुंटावर भरलेली नाही. एका श्लोकात कलम आणि प्रतिरोपण शेजारी शेजारी बसलेत म्हणून ग्राफ्टिंगचा शोध उज्जैनीला लागला असं होत नाही, सर. कलमी आंबा, कलमदान, कलमबहाद्दर, या सगळ्यांचं कुंकू फारसीचंच. मात्र माझा एक लाडका संशय आहे आणि तो मी सोडणार नाही. ग्रीक कालामोसची लॅटिनमध्ये बहीण आहे 'कुल्मुस', अर्थ गवताचा दांडा, जर्मनमध्ये 'हाल्म', अर्थ तोच. आता साळ म्हणजे तरी काय, पोकळ दांड्याचं गवतच ना? मग कालिदासाचा कलम आणि ग्रीकांचा कालामोस हे लांबचे चुलतभाऊ का असू नयेत? पुरावा म्हणाल तर माझ्याकडे नाही, पण सरांकडेही नाही, आणि माझा संशय निदान दिसायला देखणा आहे.

तर मुद्दा पोकळ काडीचा. बागेतली काडी भरीव असते, रक्तवाहिनीचा ग्राफ्ट मात्र खरोखर पोकळ नळी, म्हणजे कलम हा शब्द द्राक्षापेक्षा इथेच जास्त शोभतो! बायपासबद्दल लोक बोलताना म्हणतातच, पायाची नस काढून हार्टला लावली. त्यात एक गंमत, ती नस उलटी करून लावतात, कारण शिरेत झडपा असतात, रक्त वर हृदयाकडे जावं म्हणून एकाच बाजूला उघडणाऱ्या, सुलटी लावली तर त्या वाटच अडवतील. द्राक्षाची काडी उलटी भरलीत तर मालक शेतातून हाकलून देईल.

आता भाच्याचा फोटो. तो तुम्ही पाठवलात तेव्हापासून मी चार वेळा मोठा करून बघितला. त्यानं तिथे कारागिरी केलीय ती पोस्टरवर मराठीत नीट सांगा की. यंत्राच्या आत हवा नसते, त्यामुळे ओला तुकडा चालत नाही. आधी ग्लुटराल्डिहाइड नावाच्या रसायनात मुरवून पक्का करायचा, मग थोड्या थोड्या वाढत्या अल्कोहोलमधून काढून पाणी घालवायचं, मग द्रवरूप कार्बन डायऑक्साइड वापरून असा सुकवायचा की सुरकुती पडता कामा नये, आणि वरून सोन्याचा मुलामा, काही नॅनोमीटरचा. सराफ बाजारात कुणाला सांगितलं तर हसतील. मग दिसतं ते असं: जिथे आतलं अस्तर शाबूत आहे तिथे चपट्या लांबोड्या पेशी, सगळ्या रक्ताच्या वाहण्याच्या दिशेनं झोपलेल्या, गोदेत दगडावरचं शेवाळ लोळतं तशा. जिथे अस्तर नाही तिथे प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणारे बारीक कण, चिकटलेल्या, वर फायब्रिनचं, म्हणजे गोठलेल्या रक्तातल्या धाग्यांचं, जाळं आणि जाळ्यात अडकलेल्या तांबड्या पेशी. आणि खाली डॅक्रॉनचे, म्हणजे पॉलिएस्टरचे धागे, ताणाबाणा स्पष्ट, येवल्याच्या माणसाला लगेच ओळखू येईल. डॅक्रॉनच्या पहिल्या नळ्या अमेरिकेत डिबेकी नावाच्या सर्जननं पन्नासच्या दशकात बायकोच्या शिलाई मशीनवर शिवल्या होत्या, हे भाच्याला माहीत असेलच.

याहून आतलं बघायचं तर हिऱ्याच्या सुरीनं शंभर नॅनोमीटरहून पातळ काप काढतात आणि झोत आरपार सोडतात. तिथे अस्तराच्या पेशीत बारीक काड्या दिसतात, वायबेल आणि पॅलाडे या शास्त्रज्ञांनी १९६४ ला सांगितलेल्या, रक्त गोठायला लागणारं एक प्रथिन त्यात साठवलेलं असतं. काड्या दिसल्या म्हणजे अस्तर खरं, तोतया नाही. काडी कुठे कुठे भेटते बघा!

आणि सगळ्यात महत्त्वाचं. माणसात अशा कृत्रिम नळीवर अस्तर चढतं ते दोन्ही टोकांच्या सांध्यांपासून, आणि तेही जेमतेम एक-दोन सेंटीमीटर, मधला भाग वर्षानुवर्षं उघडाच. म्हणजे धरतं ते सांध्यापाशी. याला रोपण म्हणून कसं चालेल? रोप मुळं धरतं, कलम सांधा धरतं. बागेतला गडी हे एका वाक्यात सांगेल.

(कुणीतरी हिंदीवरून 'निरोपण' सुचवलंय, त्यांना माझा निरोप. आणि पोस्टरवरचा 'ऊती' मात्र ठेवा, त्यात विणण्याचा धातू आहे, इंग्रजी टिश्यूचं मूळही विणण्याचंच. फक्त तो टेबलावर बसून घडवलेला शब्द आहे, कलमाला कुणी घडवायला बसलं नव्हतं.)

तर शीर्षक असं करा: 'इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमधून डॅक्रॉनचं कलम'. परीक्षक विचारतील, कलम म्हणजे कितवं, तर त्यांना ओझरला न्या. आणि फोटोतला तो लालभडक रंग नंतर कॉम्प्युटरवर भरलेला आहे, हे यंत्र फक्त काळं-पांढरं दाखवतं, तसं खाली बारीक अक्षरात का होईना लिहायला सांगा.