शांतताही रेकॉर्ड करावी लागते

प्रश्न : आम्ही अमळनेरजवळच्या गावात मोबाइलवर वीस मिनिटांची अहिराणी फिल्म केली. संगीत फारसं नाही. नागराज मंजुळेंच्या ‘सैराट’सारखा शेवट बिनआवाजाचा ठेवला, तर लोक विचारू लागले, ‘स्पीकर बंद पडना का?’ कुठे चुकलं?

उत्तर : ‘सैराट’च्या (२०१६) शेवटाची तयारी पहिल्या गाण्यापासून झालेली आहे. अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला मोठा वाद्यवृंद घेऊन रेकॉर्ड केलेल्या संगीताने पूर्वार्ध दणाणून सोडलाय. हैदराबादला संसार सुरू झाला की गाणी संपतात. म्हणून शेवटी आवाज गेला की काळजात धस्स होतं. मुळात भरलेलंच नसेल, तर रिकामं झालेलं कळणार कसं?

तुमच्या फिल्ममध्ये आवाज शून्यावर नेऊ नका. जागेचा स्वतःचा आवाज ठेवा आणि तो वेगळा रेकॉर्ड करा. प्रसंग संपला की सगळ्यांना जागच्या जागी थांबवून पूर्ण एक मिनिट. हा तुकडा नसेल तर प्रत्येक कटला मागचा आवाज उडी मारतो. केळीच्या बागेत वाळकी पानं सतत सळसळतात, दोन संवादांमधली सळसळ तुटली की कानाला लगेच खटकतं. शेतीची लाईट कधी येते ते आधी विचारून ठेवा. एकदा मोटार सुरू झाली की ती संवादातून काढता येत नाही.

कॉलर माइक हनुवटीखाली एक वीत, त्यावर फरचं टोपण. दुसरा मोबाइल रेकॉर्डर म्हणून खिशात, फ्लाइट मोडवर. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी, म्हणजे एडिटिंगला आवाज जुळवता येतो. रेकॉर्डिंगची पातळी उणे बारा डेसिबलच्या आसपास. शून्याला टेकून फाटलेला आवाज पुन्हा नीट होत नाही.

प्रश्न : गाणं स्लो मोशनमध्ये घेतलं, पण ओठ जुळत नाहीत. – एक वाचक, शिरपूर

उत्तर : सेकंदाला ४८ फ्रेमने शूट करून २४ ने दाखवलं की वेग निम्मा होतो. म्हणून शूटिंगच्या वेळी गाणं दुप्पट वेगाने वाजवा आणि नटाला त्याच वेगात ओठ हलवायला लावा. दोन-तीन तालमी लागतातच. रात्री एलईडीखाली घेणार असाल तर शटर १/१०० सेकंदावर ठेवा, नाहीतर चित्र लुकलुकतं.