घरात आजारी माणूस असताना हसावं का?

‘बापू थोड्याच दिवसांचे सोबती आहेत, आणि माझा चुलतभाऊ मरणावरचं विनोदी नाटक बसवतोय. मला तर घरात हसायचीही लाज वाटते.’

अमळनेरकडच्या या ताई जळगावला माझ्याकडे आल्या होत्या. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वडिलांना यकृताचा कॅन्सर, केमो थांबवलेली. मरणपंथाला लागलेल्या माणसासमोर हसणं हा निर्दयपणा आहे का, हे मला अनेक घरांतून विचारलं जातं.

मी आधी दुखण्याबद्दल विचारलं. रात्रभर कण्हणाऱ्याला विनोद सोसवत नाही. मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिलेल्या होत्या, पण व्यसन लागेल म्हणून घरच्यांनी त्या कपाटात ठेवलेल्या. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत, कॅन्सरच्या वेदनेसाठी घेताना ही भीती बाळगू नये. असं औषध रुग्णांना सहज मिळावं म्हणून २०१४ साली कायदासुद्धा बदलला. गोळ्या सुरू झाल्या आणि बापू उठून बसायला लागले.

मग विचारलं, ‘नाटकाचं बापूंना कोणी विचारलं?’

कोणीच नाही.

विचारल्यावर बापू हट्टानं तालमीलाच गेले. नाटकातला आजारी दुकानदार भेटायला येणाऱ्यांना नंबराच्या चिठ्ठ्या वाटतो, कारण प्रत्येकाकडे एक रामबाण उपाय असतो. बापू धाप लागेपर्यंत हसले. नायकाला थांबवून म्हणाले, ‘खोकला खोटा वाटस रे. असा खोक!’ ताईंना रडू फुटलं, तर त्यांना म्हणाले, ‘का रडी राहिनी माय? मी आजून जित्ता शे ना!’

डायपरवरच्या एका विनोदाला मात्र ते गप्प झाले. चुलतभावानं तो तिथल्या तिथे काढला. फार बरं केलं. काय चालेल आणि काय नाही, हे आजारी माणसाच्या चेहऱ्याइतकं कोणी सांगू शकत नाही.

दुसऱ्या अंकात दुकानदाराची बायको दळणाच्या निमित्तानं गिरणीत जाते आणि तिथल्या घरघरीत रडून घेते. त्या रात्री बापूंनी ताईंच्या आईला विचारलं, ‘तू कोठे रडस?’

आई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘गोठामा.’

शेवटी दवाखान्यात नेऊ नका, हेही बापूंनी त्याच रात्री सांगितलं. परवा ताईंचा फोन आला. बापूंची खाट आता गोठ्याच्या दाराशी हलवली आहे.