रेट लिमिटला ‘वेगमर्यादा’ म्हणावं का?

गोव्यातल्या साखळीहून एका वाचकाने विचारलंय: वाचनालयाच्या वायफायला रेट लिमिट आणि पॅकेट प्रायॉरिटी लावली आहे, त्याचा फलक मराठीत लिहायचाय. ‘वेगमर्यादा’ आणि ‘प्राधान्य’ चालेल का?

‘वेगमर्यादा’ कळायला सोपा, पण फसवा. तारेतून धावणाऱ्या पॅकेटचा, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्याचा, वेग कोणी कमी करत नाही. दर सेकंदाला किती डेटा पुढे सोडायचा, यावर बंधन असतं. रायबंदरच्या धक्क्यावर चोडणला जायला उभे राहा. फेरीबोट नेहमीच्याच वेगाने मांडवी ओलांडते, पण एका खेपेत मोजक्याच गाड्या चढतात, म्हणून रांग लागते. ‘दरमर्यादा’ म्हटलं, तर लोक नारळाचा भाव शोधतील. बोलताना सरळ ‘रेट लिमिट’च म्हणावं, तो शब्द आता रुळलाय.

मर्यादेपलीकडचा डेटा राउटर एकतर रांगेत थोपवून धरतो किंवा टाकून देतो. जाणकार पहिल्याला शेपिंग आणि दुसऱ्याला पोलिसिंग म्हणतात. ‘थोपवणं’ आणि ‘टाकून देणं’ ही क्रियापदं मराठीत आयती आहेत. ‘आकारण’ वगैरे घडवायच्या भानगडीत पडू नये.

‘प्राधान्य’ चूक नाही. तरी मला ‘अग्रक्रम’ जवळचा वाटतो, कारण इथे प्रश्न जास्त महत्त्व कोणाला, याचा नसून आधी कोण, याचा आहे. पॅकेटच्या हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या माहितीच्या भागात, डीएससीपी नावाचा सहा बिटांचा शिक्का असतो, म्हणजे 0 ते 63 आकडे. आवाजाच्या पॅकेटवर बहुधा 46 असतो. राउटर तो वाचून त्यांना आधी सोडतो. (46 पेक्षा 48 मोठा म्हणून तो आपोआप आधी, असं मात्र नाही.)

हे दोन शब्द जोडीने का येतात, तेही सांगतो. अग्रक्रमाने लाइन रुंद होत नाही, आणि रांगच नसेल तर त्याला कामही नसतं. म्हणून 50 एमबीपीएसच्या (सेकंदाला 50 मेगाबिट) लाइनवर मर्यादा मुद्दाम 45 च्या आसपास ठेवतात. मग रांग पलीकडे इंटरनेट कंपनीच्या यंत्रात न साचता आपल्याच राउटरमध्ये लागते, आणि आधी कोणाला सोडायचं ते आपल्या हातात राहतं.

फलकावर एवढं पुरे: ‘प्रत्येक मोबाइलला दर सेकंदाला ठराविकच डेटा मिळेल. गर्दीच्या वेळी कॉल आणि ऑनलाइन वर्गांना अग्रक्रम, डाउनलोड मागाहून.’