दुखऱ्या हातांचं विणकाम: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. आजाराने अडलेले हात पुन्हा कामाला लावणं हा माझा व्यवसाय, आणि क्रोशा ही लहानपणापासूनची आवड. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत.

प्रश्न: मला ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे. ४० नंबरच्या दोऱ्याने लेस, रुमाल विणायला फार आवडतं, पण हल्ली थोड्या वेळातच अंगठा ठणकायला लागतो. घरचे म्हणतात, आता पुरे. सोडून देऊ का? (सांगली)

मुळीच सोडू नका. ४० नंबरच्या दोऱ्याला साधारण १ मिलिमीटरची स्टीलची सुई लागते आणि तिची दांडी काडीसारखी असते. दांडी जितकी बारीक, तितकी चिमूट घट्ट. अंगठ्याच्या टोकाशी दिलेला जोर त्याच्या मुळाच्या सांध्यावर कित्येक पटींनी वाढून पोचतो, म्हणून तिथेच ठणका लागतो.

तेव्हा पहिलं काम म्हणजे दांडी जाड करा. एसीच्या तांब्याच्या नळीवर घालतात ती काळी फोमची नळी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. तिचा बोटभर तुकडा कापा, सुईच्या दांडीला कापडाची पट्टी गुंडाळा आणि नळीत घट्ट बसवा. सुई पेन्सिलीसारखी धरत असाल तर सुरीसारखी धरून बघा, बोटांवरचा भार थोडा मनगटाकडे जातो. दोरा २० किंवा १० नंबरचा घ्या, त्याला जरा मोठी सुई चालते. लेस थोडी जाडसर होईल, पण तिची नक्षी लांबूनही छान दिसते. डाव्या करंगळीला दोऱ्याचे दोन-तीन वेढे देत असाल, तर एकच द्या.

मोठा टेबलक्लॉथ एकसलग विणायला घेऊ नका. झालेलं काम खाली लोंबतं आणि मनगट ओढत राहतं. सुटी फुलं विणा, शेवटी जोडा.

सकाळी बोटं आखडलेली असताना सुई धरायची नाही. कोमट पाण्यात हात शेकून ती मोकळी झाली की बसा आणि पंधरा-वीस मिनिटांनी, दुखायच्या आधीच, उठा. थांबल्यावर दोन तासांनीही ठणका राहिला तर आज जास्त झालं असं समजा, उद्या वेळ कमी करा. सांधे सुजून गरम झाले असतील त्या दिवसांत विणणं बंदच. तेव्हा नमुने चाळा, रंग जुळवा, त्यातही आनंद आहे.

अंगठ्याला आधार देणारं स्प्लिंट ऑक्युपेशनल थेरपी विभागात हाताच्या मापाने करून मिळतं. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात कमला निंबकरांनी १९५० साली ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं. आज अनेक मोठ्या सरकारी रुग्णालयांत हा विभाग आहे. तिथे जाताना सुई-दोरा बरोबर न्या. रिकामा हात बघून तुमचं दुखणं नेमकं कळत नाही.

प्रश्न: पक्षाघातानंतर डावा हात चालत नाही. पूर्वी भरतकाम करायचे. एका हाताने जमेल का? (नाशिक)

जमेल, आणि भरतकामापासूनच सुरुवात करा, कारण कापड धरायचं काम फ्रेम करू शकते. टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळता येईल अशी फ्रेम घ्या. उजवा हात सुई वरून टोचेल, मग खाली जाऊन ओढून घेईल. वेग निम्म्यावर येईल, पण टाका पूर्वीसारखाच पडेल. सुईत दोरा ओवताना ती स्पंजमध्ये उभी खोचून ठेवा. डावा हात मांडीवर टाकून देऊ नका, टेबलावर नजरेसमोर ठेवा.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला महत्त्वाचं वाटलं: ‘डावीकडचा भाग भरायचा राहून जातो.’ मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली की डावीकडे लक्षच जात नाही, असं बऱ्याच जणांचं होतं. कापडाच्या डाव्या कडेला ठसठशीत लाल धागा घाला आणि तो दिसेपर्यंत मान वळवायची सवय लावा.

विणायचंच असेल तर एक युक्ती आहे: स्कॉटलंडजवळच्या शेटलंड बेटांवर कमरेला भोकं पाडलेला, आत भरण घातलेला चामड्याचा पट्टा बांधतात. एक सुई त्यात खोचली की तिला हाताने पेलावं लागत नाही. आपल्याकडचा चांभार असा पट्टा करून देऊ शकेल.

प्रश्न: काचबिंदूमुळे खूपच कमी दिसतं. विणकाम घ्यावं की क्रोशा? (पुणे)

क्रोशा. दोन सुयांच्या विणकामात टाका सुटला की खालपर्यंत उसवत जातो. क्रोशात एका वेळी एकच फास सुईवर असतो, तो सुटला तरी बोटाने सापडतो. जाड, गुळगुळीत दोरा घ्या, दर दहा खांबांनंतर सेफ्टी पिन अडकवा आणि नमुना कुणाकडून तरी फोनवर वाचून रेकॉर्ड करून घ्या.

प्रश्न: कुष्ठरोग पूर्ण बरा झालाय, पण बोटांना संवेदना नाही. गोधडी शिवायची इच्छा आहे. (चंद्रपूर)

तुमच्याच जिल्ह्यात, वरोऱ्याजवळच्या आनंदवनात, कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांनी हातांनी किती गोष्टी घडवल्या हे तुम्ही पाहिलं असेल. शिवा. काळजी एवढीच की सुई टोचलेली तुम्हाला कळणार नाही, तेव्हा बोटांची राखण डोळ्यांनी करायची. भरपूर उजेडात बसा. अर्ध्या तासाने थांबून दोन्ही हात उलटसुलट बघा: लाल डाग, फोड, टोचल्याची खूण. काही दिसलं तर ते भरेपर्यंत सुट्टी.

संवेदना नसलेला हात गरजेपेक्षा जास्त जोराने धरतो, म्हणून शिवताना बोटात घालायचं टोपण बोटाला घासत नाही ना तेही तपासा. रोज हात साध्या पाण्यात वीसेक मिनिटं भिजवा आणि ओल्यावरच तेल लावा, कातडी तडकत नाही.

प्रश्न: सासूबाईंना पार्किन्सन आहे. क्रोशा करतात पण टाके वेडेवाकडे येतात. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी रात्री उसवून नीट करते. योग्य आहे ना? (ठाणे)

तुमची माया कळते, पण हे थांबवा. विणणाऱ्याला आपला टाका ओळखू येतो. सकाळी रांग सरळ झालेली त्यांना दिसत असणारच.

पार्किन्सनचा कंप बहुतेकदा हात स्वस्थ असताना जास्त असतो आणि काम करताना कमी होतो. त्यामुळे सुई हातात असतानाच त्यांना बरं वाटत असेल. गोळीचा असर असतो त्या वेळात बसू द्या. पाठ टेकेल आणि दोन्ही कोपरांना आधार मिळेल अशी खुर्ची, जाड लोकर आणि ५-६ मिलिमीटरची सुई द्या. जाड लोकरीत टाका थोडा इकडेतिकडे झाला तरी डोळ्यांत भरत नाही. आणि काय विणायचं, कुणासाठी, कुठला रंग, हे त्यांनाच ठरवू द्या. तुमच्या मुलासाठी मफलर विणला, तर तो आहे तसाच त्याच्या गळ्यात घाला.