ओपीडीत बसण्याआधी एवढं लक्षात ठेव

सोमवारपासून कळव्यात ओपीडीला बसणार आहेस ना, मग कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याची कलमं आत्ताच पाठ करत बसू नकोस, ट्रेनिंगमध्ये ती येतीलच. आधी घरी छळ होत असेल अशा बाईशी एकटीशी बोलायला शीक. नवरा किंवा सासू सोबत असेल तर "वजन करायचंय" म्हणून तिला आत घे.

मी सुरुवातीला एका बाईला तिच्या सासूसमोरच विचारलं होतं, "घरी मारतात का?" ती "नाही हो मॅडम" म्हणाली, बांगड्या वर सरकवून मनगटावरचा निळा डाग झाकला, आणि परत कधी आलीच नाही. ते मला अजून लागतं.

नव्यांच्या नेहमीच्या चुका:
- "सोडून का देत नाहीस?" विचारणं. घर सोडतानाच धोका सर्वांत जास्त असतो.
- समेटासाठी नवऱ्याला बोलावणं. हे कधीच नको.
- नंबर चिठ्ठीवर देणं. चिठ्ठी घरी सापडते. १८१ ही महिला हेल्पलाइन तिच्याकडून पाठ करून घे, तातडीला ११२.

त्या २००५ च्या कायद्यात शिवीगाळ, पैसे अडवणं हेही येतं, त्यामुळे जखम नाही म्हणून सोडू नकोस. तिचेच शब्द लिही. या कायद्याखाली तिच्या मदतीला नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याचं तिला सांग, घाई करू नकोस. आणि सोमवारी पोचलीस की तपासणीच्या खोलीचं दार नीट लागतं का, ते आधी बघ.