सासूबाईंच्या गोळ्या आणि फॉर्म

प्रश्न : एडिसनला राहणाऱ्या माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या. मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) असूनही रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या परवडत नाहीत. मदतीचे फॉर्म भरून द्यायचे एकाने पैसे मागितलेत. द्यावेत का?

उत्तर : छे, एक सेंटही नको! न्यू जर्सीत ‘शिप’चे (मेडिकेअरबद्दल सल्ला देणारी सरकारी सेवा) समुपदेशक फुकट मदत करतात. आधी राज्याची ‘पीएएडी’ ही औषधखर्चात मदतीची योजना बघा. वय ६५ किंवा जास्त आणि उत्पन्न मर्यादेत असेल, तर जेनेरिक औषध ५ डॉलरला, ब्रँडेड ७ला. तिथे नाही बसलं, तर औषध कंपनीच्या मदत योजनेचा अर्ज. माझ्या आईचा अर्ज परत आला होता. सगळे रकाने मी कौतुकाने भरले आणि डॉक्टरांची सहीच राहिली. शिवाय नाव मेडिकेअर कार्डावर आहे तस्संच लिहा. आपलं मधलं नाव कधी असतं, कधी गायब!